भूक रुसली तो हिवाळा

नौबादात आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली आहे. महादेवीबाई सुगरण खरी, पण आग्रह करणं तिला ठाऊकच नाही. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की हिचा हात जागच्या जागी थांबतो. दुसऱ्यांदा विचारणं नाही, गळ घालणं नाही, ताटावर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांमधून तूप सोडणं नाही. एका विहीणबाईंनी तर भर पंगतीत मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं, "यांच्याकडं येताना घरून खाऊन यावं बया!" मी खुशाल हसले. नाव ठेवायचंच असेल तर असलं ठेवा. हे मी कमावलेलं आहे, आणि त्याच्यामागं माझा अख्खा एक हिवाळा गेलेला आहे.

मार्गशीर्ष सरत आला की तो हिवाळा परत येतो. परवा सकाळी दारात शेंगावाली बसली. कमठाण्याची, म्हणजे माझ्या माहेरची. टोपलीत तुरीच्या ओल्या शेंगा, पावटा, हरभऱ्याचे डहाळे, वर मेथीच्या जुड्या. डहाळ्यांवरची आंबटखारी ओल बोटांना लागली आणि बोटं चाटल्याशिवाय राहवेना. "येळवस आली की अक्का," ती म्हणाली, "भज्जीला घ्या." येळवस म्हणजे येळ अमावस्या. आमच्या बिदर-कलबुर्गीकडं, तिकडं लातूर-उदगीरकडं, त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळं गाव शेतात. आमच्याकडची समजूत अशी की या दिवसांत काळी भुई गरवार असते. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाटे धरायलेला. तेव्हा हे तिचं डोहाळजेवण. आणि डोहाळजेवणाला आलेल्यानं उपाशी परतायचं नसतं.

शेंगा सोलत बसले होते तेवढ्यात माझी भाची अश्विनी आली. ती हुबळीला डॉक्टरकी शिकते, सुटीला येते तेव्हा पुस्तक उशाला आणि मावशी पायाशी. सोलता सोलता तिला मी त्या हिवाळ्याची गोष्ट थोडक्यात सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणते कशी, "मावशी, याला नाव आहे. बुलिमिया." मग समजावून सांगू लागली. माणूस जिवावर उदार होऊन खाणं आवरत राहिला की भुकेचं आणि पोट भरल्याचं गणित शरीर विसरतं. मग भूक लागावी तेव्हा लागत नाही, लागली की आवरत नाही, पोट भरलेलं कळत नाही, आणि सगळा राग मनावर निघतो. मी म्हटलं, "एवढं मोठं नाव कशाला बाई? ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ हे आमच्या लोकांना आधीच ठाऊक होतं की." तीही हसली. पण शेंगा सोलायच्या थांबली आणि म्हणाली, "मग पुढं काय झालं ते नीट सांग."

नीट सांगायचं तर दुष्काळापासून धरावं लागेल.

दोन वर्षं पाऊस पडला नव्हता. विहिरींचे तळ दिसायले होते, रेशनची लाल ज्वारी खाऊन माणसांच्या जिभा चामड्याच्या झाल्या होत्या. तिसऱ्या साली मात्र असा बरसला की काळी रानं पुन्हा मऊ झाली. राज्याचं म्हैसूर हे नाव जाऊन कर्नाटक झालं ते त्याच सुमाराला. आमचे अप्पा म्हणायचे, "नाव बदललं म्हून तर पाऊस आला!" अप्पा म्हणजे माझे वडील. बसवण्णाला मानणारं आमचं घर. गळ्यात लिंग, घरात कानडी आणि मराठी दोन्ही सारख्या वाहायच्या, रागावताना कानडी आणि लाडात येताना मराठी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो.

आता अव्वाचं सांगते. दोन वर्षं आल्यागेल्याला पोटभर वाढता आलं नाही याचं तिला असं लागून राहिलं होतं की पीक पुढं दिसायला लागलं तशी ती वाढायलाच उठली. आग्रह तर असा की ज्याचं नाव ते. आमच्या घरात थांबायला तीन भाषांत शब्द होते, पुरे, साकू आणि बस; आणि अव्वाला तिन्ही ऐकू यायचे नाहीत. त्यात आमच्यात आणखी एक रीत. ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. एक शीत टाकायचं नाही. शेवटी ताटात पाणी ओतून, बोटानं ताट धुऊन तेही पिऊन टाकायचं. रीत सोन्यासारखी आहे, अजूनही मी पाळते. पण वाढणारी अव्वा आणि टाकायचं नाही ही रीत, यांच्या कचाट्यात सापडलेल्या पोराचं काय होत असेल, हा विचार कुणी केला नव्हता. जेवायला बसलं की सुटका नाही. सुटका हवी तर बसायचंच नाही.

मला सुटका हवी झाली ती आळंदचे पाहुणे आल्यावर. मला बघायला आले होते. मी लुगडं सावरत पोह्यांच्या बश्या घेऊन गेले, तशी मुलाची आत्या, भरदार आवाजाची बाई, मला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "दोन साल पाणी न्हाई, तरी पोरगी कशी भरलेली हाय बगा!" सगळे हसले. अप्पाही हसले. मी आत आले आणि माठापाशी उभी राहिले. मागच्या दारातून सुमनची आई जाताना दिसली, गयामावशी. सुमन माझ्या वर्गातली, जिवाची मैत्रीण. तिच्या घरानं बाबासाहेबांच्या मागं बुद्धाचा धर्म घेतलेला. त्यांची जमिनीची पट्टी ओढ्याच्या कडेला, पाणी नाही म्हटल्यावर गयामावशी दोन उन्हाळे सरकारी कामावर खडी फोडायला गेली होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. आणि मी? आमच्या विहिरीला हंडाभर का होईना पाणी होतं. मी भरलेली होते. मला वाटलं, ती आळंदची बाई सगळ्यांसमोर विचारतेय की ही कुणाच्या वाटणीचं खाऊन एवढी झाली.

त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, सोमवार धरला. मग शनिवार. मग गुरुवार, तो कुणाचा ते मलाही ठाऊक नव्हतं.

आणि बघा गंमत. आमच्याकडं पोरगी जेवत नाही म्हटलं की कुणी वैद्याकडं नेत नाही, पाया पडतात! "महादीचा उपास लई कडक," अव्वा चारचौघींत सांगायची आणि तिचा ऊर भरून यायचा. अप्पा तेवढे कुरकुरायचे, "आपल्यात एवढ्या उपासाचं काय काढलंय ग? आधी पोटोबा." पण बायकांपुढं त्यांचं काय चालणार? गल्लीतल्या म्हाताऱ्या मला लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायला बोलवायला लागल्या. मी, जिला बसवण्णाचं एक वचनही धड पाठ येत नव्हतं, ती गावची तपस्वी झाले. आता आठवलं तरी हसू येतं.

सुरुवातीचे दिवस छान गेले हेही खरं सांगितलं पाहिजे. पोटात कावळे ओरडायचे आणि मी त्यांना ऐकत बसायची, जिंकल्यासारखं वाटायचं. अंग हलकं, डोकं लख्ख. पण हळूहळू कावळे ओरडेनासे झाले. भूक रुसून माहेरी गेली. दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची, आत नुसती शांतता. पोट म्हणून काही आहे हेच कळेना. मला ते भक्तीचं लक्षण वाटलं. डोक्यात मात्र चोवीस तास अन्नच. वर्गात मास्तर राज्याच्या नव्या नकाशावर नद्या दाखवायचे, मला त्या नद्यांच्या जागी आमटीचे ओघळ दिसायचे. शेजारच्या वाड्यावर कुणी लसूण ठेचला तरी माझ्या मानेवर काटा यायचा. भूक नाही आणि मन अन्नावरून हलत नाही, असा तो पेच.

मग उपास सुटायचे. उपासाला पारणं आलंच! तपस्वी पोरगी आपल्या घरी पारणं फेडते म्हणजे केवढं पुण्य, म्हणून आज या घरचं आमंत्रण, उद्या त्या घरचं. पाटावर बसवायच्या, कुंकू लावायच्या आणि वाढायच्या. पोळी, गुळवणी, तांदळाची खीर. पहिला घास पोटात गेला की बांध फुटायचा. कुठं थांबायचं ते सांगणारं आतलं कुणी जाग्यावर नव्हतंच. मी खात राहायची आणि बायका कौतुकानं वाढत राहायच्या. नंतर नंतर तर पारण्याचीही गरज उरली नाही. दुपारी घरचे रानात गेले की मी दुरडी उघडायची. शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या ढेपेचा कोपरा, चव न कळता, उभ्या उभ्या. पोट दुखायला लागलं की कळायचं, झालं. आणि मग जी भीती यायची, ती भीती सांगता येत नाही. मागं कडब्याची गंज होती. तिच्या आडोशाला जाऊन सगळं ओकून टाकायची.

प्रसाद तो. आमच्या घरात ताट धुतलेलं पाणीही टाकत नाहीत, आणि मी हे करत होते. देवाची माफी मागायची, उद्यापासून काही खायचंच नाही म्हणायची, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून. घसा सोलल्यासारखा, दात आंबलेले, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. गाल मात्र सुजून वर आलेले. अव्वा दृष्ट काढायची, "उपास मानवलाय ग पोरीला, गाल बघा कसे भरायलेत!"

पण मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. मी हसायची थांबले. लहानपणापासून माझं नाव खिदळी. पंगतीत, पूजेत, कुणाच्या तेराव्यालासुद्धा मला हसू आवरायचं नाही. त्या हिवाळ्यात ते कुठं गेलं देव जाणे. कुणी हाक मारली की अंगावर जायची, दार वाजलं की रडू यायचं. अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, छोटी लेक मांडीवर बसायला आली तर ढकलून दिली. आळंदहून होकार आला, हुरडा संपला की लग्न धरू म्हणाले, तर घरभर साखर वाटली. मी त्या साखरेकडं बघत बसले आणि मला काहीच वाटलं नाही. आनंदही पोटातून येतो हे मला तेव्हा कळलं. आत जाळच नाही तर भाकरी कशी फुगणार?

सुमनला कळलं ते असंच भर दुपारी. ती शेण न्यायला आली होती आणि गंजीमागं मी. तिनं टोपली टाकली. "महादे, काय ग हे? कधीपास्नं?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती कशाला भ्यालीय ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लग्न ठरलेली पोर गंजीआड ओकायलीय, गावानं बघितलं तर एकच अर्थ काढणार! आणि कित्येक दिवसांनी मला फसकन हसू आलं.

"येडी हायस का? तसलं काय न्हाई. खाल्लेलं काढायलेय."

"कामून?"

"असंच. खाल्ल्यावर र्‍हावत न्हाई."

ती खालीच बसली. आणि मग तिचा राग उसळला. "हे तर त्याहून येडं हाय. माझ्या आयनं दोन साल खडी फोडली ग एका भाकरीपायी. अन् तू खाल्लेलं मातीत घालायलीस?" टोपली उचलून गेली ती गेलीच. पुढं कितीतरी दिवस बोलली नाही. तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण त्या बोलण्यानं मी सुधारले का? छे. आणखी दोन वार धरले. शरमेनंच बिघडलेली भूक शरमेनं कशी सुधारेल?

तेवढ्यात येळवस आली.

पहाटेच्या धुक्यात बैलगाडी निघाली. माठात आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-जिऱ्याची. परातीत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, पातेल्यात भज्जी. आमची भज्जी म्हणजे तेलात तळायची ती नव्हे. सगळे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ, बेसन लावून घोटलेली, चमच्याला चिकटून राहणारी. गाडीच्या प्रत्येक गचक्याला तिचा वास वर यायचा. गव्हाच्या, करडईच्या रानावर दव, लांब कुठंतरी कुणी बैलाला कानडीत शिव्या घालतंय. अप्पांनी कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडून पांडव पुजले, मग सगळ्या रानाला फेरी मारत अन्नाचा वाटा शिंपडला, मोठमोठ्यानं आरोळ्या देत. भुईला पहिला घास. मला भुईचाही हेवा वाटला. तिला कसं थोडं थोडंच वाढायले होते.

"मला आज उपास हाय," मी म्हणून बघितलं. अव्वाच्या हातातला पळा थांबला. "अय्यो शिवा! येळवशीला उपास? भुई काय म्हणंल?" झालं. बसले. ती वाढत गेली, मी तीन भाषांत नको म्हणत गेले आणि खात गेले. ताट धुऊन प्याले. आणि नजर रानातल्या कडब्याच्या गंजीकडं लागली.

तेवढ्यात बांधावरून सुमन आली. माझ्याशी न बोलणारी सुमन. सरळ येऊन माझा हात धरला. "अव्वा, हिला आमच्याकडं नेते." अव्वानं पळा पुन्हा भज्जीत घातला. येळवशीला कुणीही कुणाच्याही रानात शिरून जेवावं अशी रीत, पण ती रीत ओढ्याच्या अलीकडंच थांबायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा मात्र म्हणाले, "जा की. बसवण्णाचं नाव काय नुसतं भिंतीवर लावायला हाय?"

वाटेत ती म्हणाली, "रागावले होते मी." मी म्हटलं, "रागावायचंच की." तेवढंच. गंजीला वळसा घालून तिनं मला दुसऱ्या बाजूनं नेलं आणि हात सोडला नाही. अख्ख्या रानातून, या बांधावर बसून, त्या बोरीखाली बोरं वेचून, ओढ्याला पाय बुडवून, दुपार कलेपर्यंत ती मला फिरवत होती. गंज नजरेआड झाली की मला धाप लागायची, परत फिरावंसं वाटायचं. ती म्हणायची, "बस. जाईल." आणि काहीतरी सांगत बसायची, मागच्या येळवशीला शेळीनं आंबिलीच्या माठात तोंड घातलं ते कसं अडकलं आणि माठ डोक्यावर घेऊन शेळी गावभर कशी पळाली. ती भीती यायची, वर चढायची आणि खरंच, जायची. भीती आपण होऊन जाते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्यांच्या पट्टीवर पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. तिथं पांडव नव्हते, पूजा नव्हती. "आमी देव सोडले," सुमन म्हणाली, "भज्जी सोडा म्हून कुणी सांगितलंय?" गयामावशीनं पोतं झटकून अंथरलं. पुढं आंबिलीचं मडकं ठेवलं, मातीचा पेला ठेवला, आणि पाठ करून तुरीच्या पेंढ्या बांधायला लागली.

घे म्हणाली नाही. खा म्हणाली नाही.

मला काय करावं कळेना. कुणी वाढत नाही, कुणी बघत नाही, समोर नुसतं मडकं. वाऱ्यावर लसणाचा वास. दिवसभराच्या चालण्यानं सकाळचं केव्हाच उतरलं होतं. आणि आत, खूप खोल, काहीतरी बारीकसं कुरकुरलं. मी दचकले. हात पोटावर ठेवला. पुन्हा कुरकुरलं. अगं बाई, ही तर माझीच! परत आली की काय?

मी पेला भरून घेतला. थंड, आंबटसर, घशाच्या सोललेल्या कातडीवरून हळुवार उतरणारी. अर्धा पेला झाला तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं, अजून थोडी. पेला संपवला आणि कित्येक महिन्यांत न बोललेलं वाक्य बोलले, "मावशी, आणखी थोडी द्या."

गयामावशी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं मडकं उचलून पेला भरला, काठोकाठ नाही, थोडा. त्या पाण्याचा अर्थ सुमननं मला पुढं सांगितला. मावशीला वाटलं होतं, मोठ्या घरची पोर, शिवेल का नाही आपल्या मडक्याला; उगीच आग्रह करून तिला अडचणीत कशाला घाला, म्हणून तिनं पाठ केली होती. आणि मी आणखी मागून घेऊन प्याले, म्हणून तिचे डोळे भरले. मी काही रीत मोडायला निघाले नव्हते हो, मला नुसती भूक लागली होती! तिचा माझ्याबद्दल गैरसमज झाला आणि तिच्या गप्प राहण्यानं माझं भलं झालं. अशी देवाणघेवाण मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

बातमी आमच्याआधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा चुलीपुढं बसली होती, माझ्याकडं न बघता. मी मनाची तयारी केली; आता ओढ्यापलीकडं जेवल्याचं निघणार. पण तिचं निघालं ते वेगळंच. "तिथं मागून खाल्लंस म्हणं," ती म्हणाली, आणि आवाज फुटला, "माझ्या हातचं कधी मागितलंस ग?"

"तू मागू कधी दिलंस, अव्वा?"

बोलून गेले. मग थांबता येईना. गंजीमागचं सगळं सांगितलं. उपास कसले ते सांगितलं, आळंदच्या बाईचं बोलणं सांगितलं. अव्वाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, तिनं उलटली नाही. प्रसादाचं काय केलंस म्हणून ती मला मारील असं वाटलं होतं. तिनं नुसता माझा गाल चाचपला, जिथं सूज होती तिथं, ज्याची ती दृष्ट काढायची.

त्यानंतरचे दिवस म्हणजे अव्वाची परीक्षा. पळा हातात घेऊन ती माझ्याकडं बघायची, ओठ हलायचे, आणि आग्रह गिळायची. गिळताना दिसायचा! अप्पा भिंतीकडं तोंड करून हसायचे. सुमननं एक नेम घालून दिला होता. दिवसातून तीनदा काहीतरी खायचं, थोडं का होईना, आणि एकटीनं नाही. म्हणून दुपारी घरात कुणीतरी थांबायला लागलं. उपास बंद झाले तशा गल्लीतल्या म्हाताऱ्या हळहळल्या. गावची तपस्विनी गेली. ते काही जादूसारखं सुधारलं नाही. हुरड्याच्या दिवसांत आगटीपाशी गरम दाणे चोळून खाता खाता एकदा तोल गेला, पुन्हा गंज आठवली. पण जाऊन आल्यावर मी सुमनला सांगितलं, आणि सांगितल्यावर त्या ओढीचा जोर अर्धा झाला. ज्वारी काढणीला आली तोवर घसा सुधारला. अण्णाची लेक माझ्या मांडीवर बसून माझ्या नाकात दाणा घालायला लागली. आणि एका सकाळी अप्पा पूजेला बसलेले असताना मांजरानं त्यांचं उपरणं ओढत नेलं, तेव्हा मी अशी हसले, अशी हसले, की अप्पांनी पूजा सोडून माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. उपरणं मांजरालाच ठेवू दिलं.

नौबादला आम्ही फार पुढं आलो; आधी आळंदला नांदायला गेले तेव्हा ती भरदार आवाजाची आत्या एकदा माझ्या डोक्याला तेल लावत बसली होती. मी धीर करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्या साली बघायला गेलो त्या घरात पोरी वाळलेल्या, पोरं तेवढी टुणटुणीत. तुला बघितलं अन् जीव थंड झाला. म्हटलं, या घरात पोरीला वाढतेत. असल्या घरचीच आणायची." कौतुक होतं ते, आणि त्याच्यापायी मी काय काय करून बसले होते! मग दोघी हसायला लागलो आणि तेलाची वाटी सांडली.

अश्विनीनं एवढं सगळं ऐकलं आणि डॉक्टरीणबाईंसारखं विचारलं, "पण मावशी, बरं झालं असं तुला नेमकं कधी वाटलं?"

ते मला पक्कं ठाऊक आहे. ज्वारीची कणसं खुडून झाली होती, खळं व्हायचं होतं. सकाळी मी विहिरीवरून आले, घागर उतरवली. अव्वा चार कणसं हातानं मळून दळलेल्या नव्या ज्वारीची पहिली भाकरी थापत होती. नव्या पिठाचा तो गोडसर वास, तव्यावरची फुगलेली भाकरी, तिच्यातून सुटलेली वाफ. आणि पोटात कावळे ओरडले. एक नाही, अख्खा थवा.

"अव्वा," मी म्हटलं, "भूक लागलीय."

तिनं मान वर केली नाही. ताट घेतलं, भाकरी ठेवली, चटणी ठेवली, तुपाच्या भांड्याकडं गेलेला हात मागं घेतला. मग थांबली. आयुष्यभर जिनं कुणाला हे विचारलं नव्हतं, त्या माझ्या आईनं विचारलं,

"किती वाढू?"

मी पोटाला विचारलं. त्यानं लगेच सांगितलं.

"दीड."

अव्वानं दुसरी भाकरी हातात घेतली, नीट मधोमध मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली. आणि उरलेली अर्धी घेऊन, चूल तशीच सोडून, माझ्या शेजारी जेवायला बसली.